हळद लागलेल्या नोटा

त्या दिवशी तिथे कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने मनाचं काही घुसडलं. मी होते. माझी सून होती. ज्याने पैसे मागितले तो बाबू होता. कँटीनचा चहावाला होता, त्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता काय चाललंय त्याचा. पलीकडच्या बाकावर दोन पंच बसले होते, दुसऱ्या कुठल्याशा खात्यातले कारकून. समोसा खातोय असं त्यांना दाखवायचं होतं. एकाने तर खरंच खाल्ला, वर चटणी मागून घेतली. बाहेर झाडाखाली स्कूटरला टेकून लाच पकडणाऱ्या खात्याचा इन्स्पेक्टर साध्या कपड्यांत उभा होता, आणि त्याची माणसं इकडे तिकडे. माझा मुलगा नव्हता. तो असता तर हे काहीच झालं नसतं.

मुलगा सेंट्रल गव्हर्नमेंटच्या ऑफिसात क्लार्क होता. आर. के. पुरमला आमचं क्वार्टर. मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा ह्याचे वडील कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी होते. त्यांच्यामागे मी पोळ्या लाटून पोराला शिकवलं, पोर सरकारी नोकरीत लागलं, मला वाटलं झालं, संपलं आपलं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी डेंगू झाला आणि आठवड्याच्या आत तो गेला. त्यावर जास्त लिहीत नाही. ज्याचं गेलंय त्याला ठाऊक आहे, ज्याचं नाही त्याला सांगून काय होणार.

माणूस नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला नोकरी देतात. अनुकंपा म्हणतात त्याला. सून बी.ए. झालेली, टायपिंग येत होतं, वय बसत होतं. नोकरी मिळाली असती तर क्वार्टरही तिच्या नावावर राहिलं असतं, नातीची शाळा तीच राहिली असती. नात तेव्हा तिसरीत. नाही मिळाली तर मुदत संपल्यावर क्वार्टर सोडायचं आणि कुठे जायचं ते आपलं आपण बघायचं. एवढं सगळं एका फाइलवर होतं, आणि फाइल त्या बाबूच्या टेबलावर.

हा बाबू परका नव्हता, म्हणून जास्त राग येतो. मुलाबरोबर ऑफिसच्या बसने येजा करायचा. आमच्याकडे जेवलाय. माझ्या हातचं थालीपीठ खाऊन म्हणाला होता, "माताजी, ये मराठी पराठा तो कमाल है." मुलगा गेल्यावर दहाव्याला केळी आणि सफरचंदं घेऊन आला, माझ्या पायाशी बसून रडला. खोटं रडला असं मी आजही म्हणणार नाही. रडणारा माणूस पैसे मागत नाही असं मला वाटायचं, ते चुकीचं निघालं.

सून त्याच्याकडे जायची, कधी मी बरोबर जायची. तो मला बघितलं की खुर्चीवरून उठून वाकून पाया पडायचा. पुन्हा बसायचा आणि म्हणायचा, "भाभीजी, एक फोटोकॉपी और लगेगी." कधी म्हणायचा कमिटी बसली नाही. कधी म्हणायचा साहेब टूरवर आहेत. नंतर म्हणायला लागला, "यार की फाइल है, मैं तो आज भेज दूँ. लेकिन ऊपर भी तो लोग हैं. सबका होता है, मेरा अकेले का क्या है."

सुनेने विचारलं, "मतलब?"

"मतलब आप समझदार हैं. भाई साहब का पैसा तो आ ही गया होगा."

माझ्या मेलेल्या मुलाचे पैसे. ग्रॅच्युइटी का काय ते आलं होतं, त्यातून नातीचं पुढचं व्हायचं होतं. त्यातलं ह्याला हवं होतं. आणि हे तो बोलला तेव्हा त्याच्या डोक्यावर भिंतीला पाटी लावलेली होती, लाच घेणं गुन्हा आहे आणि देणंही गुन्हा आहे म्हणून. पाटीवरची धूळ पुसलेली होती. रोज पुसून घेत असतील.

मी घरी येऊन सुनेला म्हटलं, "देऊन टाक बाई. माझ्या पाटल्या मोड आणि देऊन टाक. तुझी नोकरी लागू दे."

ती पोळी भाजत होती. म्हणाली, "आई, आता कायदा बदललाय. शिक्षा वाढवलीय. आणि देणाऱ्यालाही आहे. आपण दिले तर आपण पण चोर."

"मग हळूच द्यायचं. कोणाला कळणार?"

"मला कळेल ना. उद्या त्याच ऑफिसात बसायचंय मला, त्याच्यासमोर. रोज त्याचं तोंड बघून कळेल, मी पैसे भरून आलेय म्हणून."

ती पुढे म्हणाली, कोणी जबरदस्ती केली आणि आपण वेळेत जाऊन तक्रार केली तर देणाऱ्याला धरत नाहीत, तसं त्यात लिहिलंय. मोबाईलवर वाचलं होतं तिने. म्हणजे सरकारने आमच्यासमोर दोनच दारं ठेवली होती. एक, गप द्या आणि चोर व्हा. दोन, तक्रार करा. माझ्या सुनेने दुसरं दार धरलं. मला भीती वाटत होती, पण अभिमानही वाटला, ते खोटं नाही सांगत.

तक्रार केली. लाच पकडणाऱ्या खात्यातली माणसं नीट बोलली. म्हणाले, नोटा तुमच्याच लागतील, आम्ही त्यांना पावडर लावू, तो हात लावेल, मग सोड्याच्या पाण्यात हात धुवायला लावू, पाणी गुलाबी झालं की संपलं. सुनेने बँकेतून नोटा आणल्या.

आता आमच्या घरची पद्धत सांगते. महत्त्वाची कुठलीही वस्तू घराबाहेर पडायची तर आधी देवापुढे ठेवायची. मुलाच्या परीक्षेचं हॉल तिकीट ठेवलं होतं, नोकरीचं पत्र ठेवलं होतं, स्कूटरची चावी ठेवली होती. कोपऱ्याला हळद-कुंकू, वर दोन अक्षता, हात जोडायचे. मराठी माणसाच्या घरात हे कोणाला सांगावं लागत नाही. तशा त्या नोटा मी सकाळी देवापुढे ठेवल्या. चांगली बोटभर हळद लावली, कारण काम मोठं होतं. देवाला म्हटलं, "देवा, त्याला बुद्धी दे, आज पैसे घेऊ दे." सून मागे उभी होती. त्या सगळ्या दिवसांत ती तेव्हा एकदाच हसली. "आई, चोराला चोरीची बुद्धी दे म्हणताय?" मी म्हटलं, "त्याच्याकडे बुद्धी आहेच. फक्त आजच्या आज वापरू दे."

इन्स्पेक्टरने नोटा हातात घेतल्या तेव्हा त्याला दिसलं. "ये क्या लगा है?"

सून म्हणाली, "पूजा का है."

"अच्छा है, भगवान भी गवाह हो गए," असं म्हणून तो हसला आणि त्यांनी वरून आपली पावडर लावली. नोट बदला, पुसा, असं कोणी म्हटलं नाही. आम्हाला काय ठाऊक.

ठरल्याप्रमाणे ऑफिसच्या कँटीनमध्ये तो आला. माझ्या पाया पडला. चहा मागवला, मला बिनसाखरेचा, माझी साखर त्याच्या लक्षात होती. सुनेने विचारलं, "मोबाइल से भेज दूँ?" तो म्हणाला, "अरे नहीं नहीं भाभीजी, फोन पे नहीं. हाथ का हाथ अच्छा." तिने पाकीट दिलं. त्याने उघडून नोटांवरून अंगठा फिरवला आणि पाकीट आतल्या खिशात घातलं. मग म्हणाला, "इसी हफ्ते भेज देता हूँ. आप लोग घर के हो, दूसरों से तो ज्यादा लेते हैं."

सुनेने ओढणी डोक्यावर घेतली. ती खूण ठरलेली होती. माणसं धावत आली, दोन्ही बाजूंनी त्याची मनगटं धरली. काचेच्या ग्लासात त्याचा हात बुडवला आणि पाणी रंगलं. चहावाला "अरे अरे साहब" करत राहिला. बाबू खाली बसला आणि त्याने परत माझे पाय धरले. "माताजी, मेरे भी बच्चे हैं." मी पाय ओढून घेतले. लेकरू तर माझ्या मुलालाही होतं.

मला वाटलं, आता कायदा कडक आहे, हा जाईल आत, फाइल दुसऱ्या टेबलावर जाईल, सुनेचं काम होईल. मी बाई साधी. दोन आणि दोन चार होतात एवढंच शिकले.

फाइल दुसऱ्या टेबलावर गेलीच नाही, कारण कोणी ती उचलेना. ज्याच्याकडे जावं तो म्हणायचा, "आपका मामला तो कोर्ट में है." सून म्हणायची, कोर्टात लाचेची केस आहे, माझ्या नोकरीची नाही. तर म्हणायचे, "हाँ हाँ, बिल्कुल, पर हम क्यों हाथ लगाएँ." मुलाचे मित्र, ज्यांनी त्याला खांदा दिला होता, ते जिन्यात दिसले की मोबाईल कानाला लावायचे. त्याच ऑफिसातल्या एकीने तोंडावर म्हटलं, "बेचारे की नौकरी खा गए तुम लोग." बेचारा! त्याची नोकरी कोणी खाल्ली नव्हती. सस्पेंड होता, अर्धा पगार घरपोच चालू होता, नंतर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये परत कामावर घेतलासुद्धा. उपाशी होतो ते आम्ही. तक्रार केली ती सून त्या ऑफिसात वाईट झाली आणि पैसे खाणारा बेचारा झाला. ह्यावर कुठल्या कायद्यात शिक्षा आहे ते मला कोणी सांगावं.

क्वार्टरची मुदत संपली. आम्ही गुरुग्रामला एका खोलीत आलो. सुनेला एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात काम मिळालं, येणाऱ्या जाणाऱ्यांची नोंद ठेवायचं. मी त्याच सोसायटीत मराठी घरांत पोळ्या करायला लागले. पुण्या-मुंबईकडची मुलं-मुली, कंपन्यांत मोठ्या पगारावर, स्वभावाने चांगली. मला आजी म्हणतात. नातीची शाळा सुटली ती सुटलीच, दुसऱ्या शाळेत घातली.

तिथल्या एका घरी रविवारी मित्रमंडळी जमली होती. टीव्हीवर कुठला तरी साहेब पकडल्याची बातमी चालली होती, घरात नोटांच्या गड्ड्या. एक जण म्हणाला, "ह्यांना जन्मठेप द्यायला पाहिजे." दुसरा म्हणाला, "जन्मठेप काय, सरळ लटकवा." मी आत पोळ्या लाटत ऐकत होते. इतक्यात घरमालकाचा फोन वाजला. फ्लॅटच्या रजिस्ट्रीचा एजंट होता. हा म्हणाला, "कितना बोल रहा है? अरे पिछली बार तो कम था... अच्छा, दे दो यार, खतम करो." फोन ठेवून मित्रांना म्हणाला, "शिक्षा वाढवली ना, म्हणून रेट वाढवलाय. म्हणतो रिस्क वाढली." सगळे हसले. मघाशी लटकवा म्हणणारा सगळ्यांत मोठ्याने हसला.

मी बाहेर येऊन म्हटलं, "साहेब, देणाऱ्यालाही शिक्षा आहे आता."

तो म्हणाला, "आजी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या सुनेने. तिने दिले नाहीत, पकडून दिलं. म्हणून मी तुमच्याकडे पोळ्या करते."

मग त्याची बायको म्हणाली, "आजी, पोळ्या झाल्या असतील तर वाढू या का?" वाढल्या. मी काही सोडून आले नाही ते घर, भाडं भरायचं असतं.

मग काही वर्षांनी कोर्टाचं बोलावणं आलं. आधी सुनेची साक्ष झाली, मग माझी. बाबूचा वकील तरुण होता, गोड बोलायचा, तोही माताजी म्हणायचा. त्याने विचारलं, "माताजी, आपके यहाँ शादी के कार्ड पर हल्दी लगाते हैं?"

मी म्हटलं, हो.

"शगुन के लिफाफे पर?"

हो म्हटलं. खोटं का बोलू.

"और जबरदस्ती का पैसा हो, चोरी-डकैती में जाए, तो उस पर लगाते हैं?"

तो न्यायाधीशाकडे वळला आणि म्हणाला, पाहा, ह्या नोटांची पूजा केलेली आहे, हळद-कुंकू लावलंय. हे राजीखुशीचं देणं आहे, मित्राच्या घरून मित्राला शगुन. मागणी झालीच नाही. आणि पाण्याचा रंग कशाचा? हळदीला सोडा लागला की लाल होणारच. आणि तरीही लाच म्हणायची असेल तर मग ही राजीखुशीने दिलेली लाच आहे, देणारीलाही आरोपी करा, कायदा तसंच म्हणतो.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे मलाही ठाऊक आहे. पण तो विटकरी लाल, आणि ग्लासातलं पाणी होतं गुलाबी. मी तसं म्हणालेही. त्यांनी त्या पाण्याची जपून ठेवलेली सीलबंद बाटली काढली. इतक्या वर्षांत तिच्यातलं पाणी फिकं पडून नुसतं पाणी दिसत होतं. त्यात पावडर होती असा तपासणीचा कागद होता म्हणे, पण बाटली बघून लोक खुदखुदले.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "आपने पूजा क्यों की?"

मी म्हटलं, "साहब, हमारे घर में बड़े काम की चीज भगवान के सामने रखते हैं. मैंने कहा, भगवान, ये आदमी आज पैसा ले ले और पकड़ा जाए."

सगळे हसले. न्यायाधीशही थोडे हसले. माझ्या मुलाच्या पैशांची, सुनेच्या नोकरीची गोष्ट चालली होती आणि लोक हसत होते.

त्या दिवशी मेट्रोत सुनेने माझा हात धरून ठेवला होता. म्हणाली, "आई, मला धरतील का हो?" जिने तक्रार केली ती विचारत होती मला धरतील का. हे ऐकून मला जो संताप आला तो आजपर्यंत उतरलेला नाही. कायदा कडक करताना त्याची धार कोणाकडे ठेवली होती ह्यांनी?

सुनेला धरलं नाही. न्यायाधीशांनी वकिलाचं तेवढं ऐकलं नाही. पण बाबू सुटला. निकालात पुष्कळ गोष्टी होत्या. मागणी नीट शाबीत झाली नाही, पंचांचं बोलणं एकमेकांशी जुळलं नाही, समोसा खाणाऱ्याला आठवतच नव्हतं पाकीट कोणत्या हाताने घेतलं ते. आणि हळदही होती. संशयाचा फायदा आरोपीला. शिक्षा कितीही वर्षांची करून ठेवा, ती द्यायची वेळ आली तर ना.

पुष्कळ जणी मला म्हणतात, तुम्ही हळद लावायला नको होती. का नको? माझ्या घरातून माझ्या मुलाचे पैसे जात होते. मी देवापुढे ठेवले. नोटा तपासणं, पुसणं, बदलून मागणं हे ज्यांचं काम, पगार घेतात ते, ते हसून मोकळे झाले. लाच मागणाऱ्याने मागितली, पकडणाऱ्यांनी अर्धवट पकडलं, आणि चूक कोणाची तर म्हातारीच्या देव्हाऱ्याची. मी हे मानत नाही.

निकालानंतर सून पुन्हा त्या ऑफिसात गेली. म्हणाली, आता कोर्टात काही नाही, आता तरी माझी फाइल उचला. मी बरोबर होते. नवा अधिकारी होता, शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "माताजी, अनुकंपा का मतलब होता है तुरंत की मदद. इतने साल आप लोगों ने घर चला ही लिया. अब कमेटी कहेगी जरूरत कहाँ है."

मी म्हटलं, "मरके दिखाना था क्या?"

"ऐसा नहीं बोलते माताजी."

"आपण नाही बोललं की ते होत नाही का?" हे मी मराठीत म्हटलं. त्याला समजलं नसेल, पण सूर समजला असेल.

नंतर पत्र आलं, नामंजूर. सुनेने त्याच्या वर अर्ज केलाय. तो अर्ज आता कुठल्या तरी टेबलावर आहे. सून अजून त्या सोसायटीच्या ऑफिसात बसते. नोकरीच्या वयाची थोडीच वर्षं राहिलीत तिची. मी विचारलं तिला, पुन्हा तसंच झालं तर देशील का? ती म्हणाली, "नाही देणार. पण आई, दुसऱ्या कोणा बाईला तक्रार कर असं सांगायला माझी जीभ उचलत नाही आता." माझी सून अशी बोलायला लागली, हे मला बाबू सुटल्यापेक्षा जास्त लागलंय.

हे वाचणाऱ्यांत निम्मे तरी सरकारी ऑफिसांतले असतील, मला दिल्लीची मराठी घरं ठाऊक आहेत. शिक्षा वाढवा की कमी करा, त्यातलं मला कळत नाही, तुम्हालाही कोणी विचारणार नाही. माझं मागणं लहान आहे. तुमच्या ऑफिसात कोणी लाचेची तक्रार केली असेल तर तिचं काम कुठल्या टेबलावर अडलंय ते बघा, आणि ते तुमच्या हातात असेल तर करून टाका. नसेल तर निदान ती जिन्यात दिसल्यावर तिच्याशी बोला.